माझ्या नावाचा दुसरा माणूस

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. गुडघा सकाळी कुरकुरतो आणि ती दिवसभर. तुझी वहिनी ठीक. माझा उजवा अंगठा थंडीत आखडतो, पण दुकान सुरू आहे. सध्या शाळांची हजेरीपुस्तकं बांधायला आली आहेत, सहाशे. मार्च उजाडेपर्यंत मान वर करायला फुरसत नाही.

तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या बहिणीला पत्र कशाला लिहायचं, फोन काय शोभेला ठेवलाय का, असं तू म्हणशील. फोनचंच तर सांगायचं आहे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी माझ्या फोनची रेंज गेली. मी म्हटलं, येईल. कामात होतो, उलट बरं वाटलं. बुधवारीही आली नाही, तेव्हा वहिनीने तिच्या फोनवरून माझा नंबर लावून पाहिला. घंटी वाजली. माझा फोन टेबलावर समोर पडलेला, मुका. आणि पलीकडे कुणीतरी उचलला.

"कोण बोलतंय?" वहिनीने विचारलं.

त्याने माझं नाव सांगितलं. आडनावासकट. आणि वर विचारलं, "आपण कोण?"

वहिनी फोन कानाला लावून माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर हातात कात्री घेऊन उभा. 

पुढचं थोडक्यात सांगतो. बँकेत धावलो. नवीन कटाई मशीनसाठी साठवलेलं सगळं गेलं होतं. त्याच आठवड्यात माझ्या नावाने एक कार्डही निघालं होतं आणि मी जन्मात पाहिलेलं नाही अशा शहरातल्या दुकानात ते चाललं होतं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "पण काका, हे सगळं तुम्हीच केलेलं दिसतंय. नंबर तुमचा, कागद तुमचे, सही तुमची." कुणीतरी माझे कागद दाखवून, सिम हरवलं म्हणून सांगून, माझ्याच नंबरचं नवं सिम घेतलं होतं. मी त्यांना म्हटलं, "मग आता तुमच्यासमोर बसलाय तो कोण?" त्यांनी ओळखपत्र मागितलं. आता बोल!

पोलिसांत तक्रार दिली आहे. तपास सुरू आहे. तपास करणाऱ्या बाई तरुण आहेत, पण चटपटीत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुणाला काही सांगितलं होतं का? कार्डाचा आकडा? कोड?" मी कुणाला काहीही सांगितलेलं नाही. तूही कुणी विचारलं तर हेच सांग.

तेव्हापासून मी एकेकाचा विचार करत बसतो. झेरॉक्सवाला. टपाल टाकणारा, आमच्या जिन्याखालच्या पेट्यांना कुलूप कुठे आहे? शेजारचा शिंपी मध्येच येऊन गल्ल्याजवळ उभा राहतो, त्याला काय काम असतं? परवा एक गिऱ्हाईक विनाकारण जन्मसाल विचारत होतं, मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. वहिनी म्हणते, तुम्ही माणसांकडे खोट्या नाण्यासारखं बघायला लागलात. बघतो. बघावंच लागतं.

आता एक गोष्ट लिहितो, वाईट वाटून घेऊ नकोस. तपासाच्या बाई म्हणाल्या, "घरातल्या, ओळखीतल्या कुणाकडे तुमच्या कागदांच्या प्रती होत्या?" मी आठवत गेलो. आईच्या पेन्शनच्या खात्याला माझं नाव जोडायचं म्हणून नोव्हेंबरात दाजी माझ्या ओळखपत्राच्या आणि पासबुकाच्या प्रती घेऊन गेले होते. सही केलेल्या. त्या सगळ्या पेन्शन कचेरीत दिल्या, की काही घरी राहिल्या?

मी काही म्हणत नाही. दाजी एकोणीस वर्षं दवाखान्यात पैसे भरायच्या खिडकीवर बसतात, त्यांच्याबद्दल मी काय म्हणणार. पण असा हिशेबी माणूस कागद कुठे ठेवतो ते तुला माहीत असेलच. एकदा खण बघून घे. त्यांना विचारायची गरज नाही, तूच बघ.

नवी स्कूटर घेतली म्हणे. आई सांगत होती. चांगली आहे. कुठून घेतली, हप्त्याने की रोख, सहज कळव.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. चार तुकडे नव्हे, बारीक.

तुझ्यावर पूर्ण विश्वास असलेला,
दादा

*

दि. २३ मार्च

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, दोन ओळी. "स्कूटर दवाखान्याच्या पतपेढीतून कर्ज काढून घेतली आहे. कागद बघायचे तर स्वतः येऊन बघ." लहानपणीही तू अशीच, रागावलीस की शब्द मोजून द्यायचीस. फोनही उचलत नाहीस. हरकत नाही.

दाजींचं आईकडून कळलं. खिडकीवरून काढून खाली भांडारात बसवलं म्हणे, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजायला. ऐकून वाईट वाटलं. दवाखान्यात ही गोष्ट कशी पोचली कुणास ठाऊक. लोकांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? एका कानाचं दुसऱ्या कानाला होतं, आणि पैशाच्या जागी बसलेल्या माणसाबद्दल साहेब लोक जरा जास्तच सावध असतात. बदली तात्पुरती असेल. दाजी नीट जेवतात ना?

मागे मी तुला खण बघायला सांगितलं होतं. ते आता राहू दे. त्याची गरज नाही.

त्यापेक्षा मी सांगतो तेवढं कर. बँकेचा म्हणून कुणाचाही फोन आला, कितीही गोड बोलला, तरी काही सांगायचं नाही. फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे जो नंबर छापलेला असतो त्यावर आपण स्वतः लावायचा. मोबाइलवर कोड येतो तो नवऱ्यालाही सांगायचा नाही, मग परक्याची काय कथा. पैसे गेल्या-आल्याचा संदेश दर वेळी यायलाच हवा, येत नसेल तर बँकेत जाऊन चालू करून घे. फोनची रेंज उगाचच बराच वेळ गेली तर मी बसलो तसं येईल-येईल करत बसू नकोस, त्याच तासाला चौकशी कर. कार्डावर खरेदीची मर्यादा घालता येते, ती कमीत कमी ठेव. पत्रपेटीला कुलूप लाव. मी लावलं, शेजारच्या शिंप्याने विचारलं, काय खजिना ठेवलाय का?

आणि कागद. झेरॉक्स काढताना जास्तीची, बिघडलेली, काळी आलेली प्रत मागे सोडायची नाही. रद्दीत तर मुळीच टाकायची नाही. आधी कापायची. मी आता दुकानातला एकेक कपटा कापतो. वहिनी म्हणते, कुणाकुणाचा राग कागदावर काढताय. कुणाचा काढणार!

तपासाच्या बाईंनी मागच्या आठवड्यात बोलावलं होतं. जाऊन आलो. विशेष काही नाही. काहीबाही दाखवत होत्या.

आईला मे महिन्यात गुडघ्याचा एक्स-रे काढायला दाजींच्या दवाखान्यात आणायचं आहे. त्या वेळी भेट होईलच, नाहीतर नाही होणार, गर्दी असते. बघू.

हजेरीपुस्तकं संपली. पुढचं काम अजून आलेलं नाही. दुकानात बसून राहिलं की डोकं चालतं, ते बरं नाही. इथेच थांबतो, गिऱ्हाईक आलं आहे.

घाईत,
दादा

*

दि. १२ मे

चिंगी,

या वेळी वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो नाही. पूर्ण वाचल्यावर तुला कळेल.

मागचं पत्र लिहिताना कुणी गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. दुकान रिकामं होतं. मला पुढे लिहवत नव्हतं.

सतरा मार्चला तपासाच्या बाईंनी बोलावलं, ते विशेष काही नव्हतं असं मी लिहिलं. होतं. सिम घेताना त्या माणसाने जी प्रत दिली होती, ती त्यांना मिळाली होती. त्यांनी पारदर्शक पिशवीतून ती माझ्यासमोर ठेवली.

"हे तुमचंच ना?"

माझंच होतं. माझी सही. पण फोटो पार काळा, चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. कुणाचाही चेहरा असू शकेल असा. आणि कडेने पिवळट, पापुद्रा धरलेला पट्टा.

"हे डाग कसले आहेत?" त्यांनी विचारलं.

चिंगी, तीस वर्षं मी ज्याच्यात हात बुडवतोय ते मला ओळखू येणार नाही का? "खळ आहे," मी म्हटलं. "पुस्तकाचे पुठ्ठे चिकटवायची. आमच्या दुकानातली."

नोव्हेंबरात मी आधी चार प्रती काढल्या होत्या. सह्या करून झाल्यावर लक्षात आलं की फोटो काळे आलेत. मग पुन्हा काढल्या, त्या दाजींना दिल्या. काळ्या चार मी टेबलाखाली टाकल्या. पुठ्ठ्याला खळ लावताना खाली अंथरायला मी रद्दी कागद घेतो, त्यात त्या गेल्या. आणि तिथून पोत्यात, पोत्यातून रद्दीवाल्याकडे. बाई म्हणाल्या, या टोळीतली दोन माणसं रद्दीच्या वखारींत फक्त असे कागद निवडायचं काम करत. दोनशेच्या वर लोकांच्या प्रती मिळाल्या. "तुमच्या मेहुण्यांबद्दल तुम्ही बोलला होतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडच्या प्रती आम्ही पेन्शन कचेरीत जाऊन पाहिल्या. सगळ्या तिथेच आहेत. प्रत्येकीवर त्यांनी आडवी ओळ लिहिलीय, 'फक्त पेन्शन खात्यासाठी', आणि खाली तारीख. अशी प्रत दुसरीकडे चालतच नाही. सगळे असं करतील तर आमचं निम्मं काम वाचेल."

ती आडवी ओळ मला माहीत होती. माझ्यासमोरच बसून दाजींनी लिहिली होती. मी त्यांची चेष्टा केली होती की दाजी, कागदावर रेघोट्या कशाला मारताय. हे सगळं मला फेब्रुवारीत आठवायला हवं होतं. आठवलं नाही असं म्हणणार होतो, पण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. अंधुक आठवत होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

कारण कुणीतरी दुसरा हवा होता. फोनचंही ऐक. रेंज जायच्या चार दिवस आधी एक फोन आला होता. बँकेतून बोलतोय म्हणाला. मला "साहेब" म्हणाला, चिंगी. "साहेब, आपलं कार्ड बंद होतंय, मी आपल्यासाठी चालू ठेवतो." पुस्तकं बांधणाऱ्याला साहेब कोण म्हणतं? मी कार्डाचा आकडा वाचून दाखवला, मागचे तीन आकडेही वाचले, जन्मतारीख सांगितली, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. शेवटी आभार मानले त्याचे. हे वहिनीलाही मागच्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

सतरा मार्चला घरी आलो, जेवलो, झोपलो. कुणाला काही बोललो नाही. सहा दिवसांनी तुला ते उपदेशाचं पत्र लिहिलं. दाजी जेवतात ना, असं विचारलं.

आता जे लिहायचं ते त्याहून वाईट आहे. दवाखान्यात ही गोष्ट कशी पोचली कुणास ठाऊक, असं मी लिहिलं होतं. मी पोचवली.

दहा फेब्रुवारीला, तुझं उत्तर यायच्या आधीच, मी सकाळच्या बसने गेलो आणि व्यवस्थापक साहेबांना भेटलो. दहा मिनिटं बसलो. मी म्हटलं, "मी कुणाचं नाव घेत नाही." मग नाव घेतलं. म्हटलं, "अजून सिद्ध काही नाही, पण पैशाची जागा आहे, आपण सावध असावं म्हणून आलो." त्यांनी मला पाणी दिलं, आभार मानले. परत येताना बसमध्ये मला वाटत होतं, मी किती जबाबदारीने वागलो.

दोन मेला आईला एक्स-रेला घेऊन आलो तेव्हा मनात होतं की तिला घेऊन गुपचूप निघून जावं. पैसे भरायच्या खिडकीवर एक मुलगी होती. आईने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आमचे जावई कुठेत?" मुलीने खाली बघितलं. "ते आता तळघरात असतात, आजी." आई म्हणाली, चल. मी म्हटलं, तुझा गुडघा, जिना केवढा उंच आहे. ती कठड्याला धरून निघालीच.

दाजी एका बारक्या दिव्याखाली चादरींच्या चवडी लावत होते. एकच स्टूल होतं, ते त्यांनी आईला दिलं. तिच्या गुडघ्याचं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, बँकेकडून काही परत मिळालं का? मशीनचं काय झालं मग?" खरंच काळजीने विचारत होते. मी चादरींकडे बघत म्हटलं, "सुरू आहे."

जिना चढताना आई मध्येच थांबली. मला वाटलं दम लागला. ती म्हणाली, "तू त्याच्या तोंडाकडे का बघत नव्हतास?"

मी तिथेच जिन्यात आईला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जा, खाली जा." पण तेव्हाही मी गेलो नाही. तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. आधी तपासाच्या बाईंकडे. कार्डाचा आकडा मीच दिला होता हे लिहून दिलं. त्या रागावल्या नाहीत. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं," म्हणाल्या. मग व्यवस्थापक साहेबांकडे. मी दिलेली माहिती खोटी होती आणि चूक पूर्णपणे माझी आहे, असं सही करून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाले, "तुमचा कागद मी त्यांच्या फाइलला लावतो. पण खिडकीवर आता दुसरी व्यक्ती नेमली आहे. लगेच काही होणार नाही. जुलैनंतर बघू." मी हात जोडले. ते म्हणाले, "माझ्यापुढे कशाला?"

मग तळघरात गेलो.

उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. दाजी अभ्रे मोजत होते ते थांबले, पण हातातली चवड खाली ठेवली नाही. माझं झाल्यावर त्यांनी चवडीच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाले, "तुम्ही साहेबांकडे आला होतात ते मला माहीत आहे."

"कसं?"

"मी खिडकीवरच होतो ना. साहेबांची खोली समोर, मध्ये काच. तुम्ही आत जाताना दिसलात. वाटलं, आईंचं काही असेल, भेटून जाल. तुम्ही न भेटता गेलात. दुपारी साहेबांनी मला बोलावलं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. मी विचारलं, "मग चिंगीला सांगितलं नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. "तिला भाऊ एकच आहे. तिला वाटतंय दवाखान्यातल्याच कुणीतरी कान भरले. तसंच वाटू दे. तुम्हीही सांगू नका."

आणि पुन्हा मोजायला लागले. चुकलं होतं, म्हणून पहिल्यापासून.

चिंगी, त्यांनी सांगू नका म्हटलं होतं आणि मी सांगतोय. नऊ दिवस विचार केला. तू तीन महिने घरात दवाखान्यातल्या लोकांना शिव्या देत असशील आणि दाजी समोर बसून ऐकून घेत असतील, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांनी तुझ्यासाठी माझी अब्रू झाकली. ती झाकून घ्यायची माझी लायकी नाही. ते गप्प राहिले म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. चिडायचं ते माझ्यावर.

बँकेचं अजून सुरू आहे. थोडं परत येईल म्हणतात, थोडं नाही. नवीन नंबर घेतला आहे, तो खाली लिहीत नाही. हवा असेल तर आईकडून घे. नको असेल तरी मी समजेन.

आईला पाठवत जाईन, तिला तुझ्याकडे राहायचं आहे. बसपर्यंत मी सोडीन, पुढे येणार नाही. तू बोलावशील तेव्हाच येईन.

ज्याच्या सांगण्यावरून दाजी तळघरात बसतात, तो,
तुझा एकच भाऊ